यूआर गेला कुठं?

प्रश्न : मी मंचरच्या कॉलेजात एस. वाय. बी.कॉम.ला आहे. निरगुडसरहून रोज एसटीनं येते-जाते. आमचे आजोबा सांगतात, त्यांच्या वेळी यूआरची निवडणूक व्हायची, गुलाल उधळायचा आणि निवडून आलेला मुलगा पुण्याला विद्यापीठात जायचा. मी दोन वर्षांत एकही मतदान पाहिलेलं नाही. विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी आता असतो का? असला तर तो होतो कसा? मला व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करू? आणखी एक. आमची संध्याकाळची गाडी चुकली की घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, दोन्ही बाजूला ऊस आणि उसात बिबट्या. हे गाऱ्हाणं नेमकं कुणाकडं न्यायचं, तेही कळत नाही.
— एक विद्यार्थिनी, निरगुडसर

उत्तर : आजोबा सांगतात ते खरं आहे आणि तू म्हणतेस तेही. तुम्हा दोघांच्या मधे दोन कायदे आहेत आणि एक न झालेली निवडणूक.

आधी आजोबांची भाषा. वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे सीआर, मुलींची एलआर, सगळ्या कॉलेजचा सेक्रेटरी म्हणजे जीएस आणि कॉलेजच्या वतीनं विद्यापीठात जायचा तो यूआर. गॅदरिंगला माइक जीएसच्या हातात असे, पण भाव यूआरला जास्त. कारण विद्यापीठ पातळीवरचा पुढारी निवडायचा तो या यूआर मंडळींच्या मतांवर. मतदार थोडे, त्यामुळं एकेका मताला सोन्याचं मोल. मग मतदानाच्या आठ दिवस आधी यूआर गावातून गायब व्हायचे. घरच्यांना सांगितलं जायचं, सहलीला गेलाय. सरपंचाच्या निवडीआधी सदस्य जसे जीपमध्ये बसून ‘देवदर्शनाला’ जायचे, तोच प्रकार. फरक इतकाच की या सदस्यांना मिशा नुकत्या फुटलेल्या असायच्या. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांची एक अख्खी पिढी या शाळेत शिकली. शरद पवारांचा राजकारणातला श्रीगणेशाही पुण्याच्या बीएमसीसीत विद्यार्थी असतानाच झाला.

सहलींपर्यंत होतं तोवर लोक हसत होते. पुढं हॉकी स्टिका आल्या, बाहेरची माणसं आली, पैसा आला. निवडणूक म्हटलं की कॉलेजच्या फाटकावर पोलिसांची गाडी उभी राहू लागली. प्राचार्य वैतागले, पालक घाबरले, आणि 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं प्रश्न मुळासकट उपटला. मतदान बंद. वर्गात ज्याला आदल्या वर्षी गुण जास्त, तो वर्गाचा प्रतिनिधी. त्यांच्या जोडीला खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांतला एकेक चमकलेला विद्यार्थी आणि दोन मुली, यांना प्राचार्यांनी नेमायचं. या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, मतदान काय ते तेवढंच.

त्या पद्धतीत मी स्वतः एक वर्ष प्रतिनिधी होतो, म्हणून सांगतो. तालुक्याच्या गावचं कॉलेज. नाव राहू दे. नोटीस बोर्डावर माझं नाव टाइप करून लावलेलं. मला ते मित्रानं सांगितलं, तोवर दोन दिवस होऊन गेले होते. मी कुणाकडं मत मागितलं नव्हतं, त्यामुळं कुणाचं देणंही लागत नव्हतो. पहिल्या बैठकीत समोसा, चहा आणि एक लांबट वही आली. गॅदरिंगची तारीख आधीच ठरलेली होती, ती आम्हाला वाचून दाखवली. वर्गातल्या मुलींनी मला एकच काम सांगितलं होतं : लेडीज रूमच्या नळाला पाणी नसतं, तेवढं बोल. मी बोललो. सर म्हणाले, बघू. मी वहीत सही केली आणि समोसा संपवला. वर्षाच्या शेवटी सहज ती वही उघडून पाहिली, तर त्या बैठकीच्या पानावर नळाचा शब्दसुद्धा नव्हता. सही मात्र माझीच होती, झोकदार. नळाला पुढच्या वर्षीही पाणी नव्हतं.

गुणवत्ता यादीतून आलेला मुलगा वाईट असतो असं नाही, पण त्याला जाब विचारणारं कुणी नसतं. म्हणून कितीही गोंधळ झाला तरी मी मतदानाच्याच बाजूचा आहे. तुझं मत वेगळं असू शकेल.

आता तुझ्या काळाकडं येऊ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा नवा कायदा 1 मार्च 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 99 नं मतदान परत आणलं. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांतला एक प्रतिनिधी अशी चार पदं आहेत. राखीव पद कोणत्या प्रवर्गाला जायचं ते चिठ्ठी टाकून आळीपाळीनं ठरतं. या चौघांना कॉलेजच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी थेट मत द्यायचं. शिवाय प्रत्येक वर्गानं आपला प्रतिनिधी निवडायचा. खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक या चार जागा मात्र अजून नेमणुकीच्याच आहेत.

इथून विद्यापीठाचा जिना सुरू होतो. कॉलेजाकॉलेजातले हे निवडून आलेले पदाधिकारी मिळून विद्यापीठाचा विद्यार्थी संघ होतो, आणि तो आपल्यातून विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव वगैरे निवडतो. म्हणजे थेट विद्यापीठाला उभं राहता येत नाही. आधी आपलं कॉलेज जिंकायला लागतं. आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांवर पसरलंय. 1949 साली स्थापन झालेलं, पूर्वीचं पुणे विद्यापीठ. सावित्रीबाईंचं नाव मिळालं 2014 मध्ये. मंचरची मुलगी अध्यक्षपदाला उभी राहिली, तर तिला मत देणारा कुणी सटाण्याचा असेल, कुणी जामखेडचा, कुणी बारामतीचा. आमदारकीच्या उमेदवाराला एवढं फिरावं लागत नाही. जिंकून आल्यावर अध्यक्ष आणि सचिव विद्यापीठाच्या अधिसभेत बसतात. तिलाच जुने लोक सिनेट म्हणतात. तिथं अर्थसंकल्प मांडला जातो, प्रश्न विचारता येतात, ठराव आणता येतात. बोलायला वेळ कसा मागायचा हे निरगुडसरच्या मुलीला मी काय शिकवू? 2009 ते 2014 या काळात विधानसभेत बोलायला वेळ देणारे अध्यक्ष तुमच्याच गावचे होते, दिलीप वळसे पाटील.

मग हे सगळं असताना तू मतदान का पाहिलं नाहीस? कायदा झाला, 2018 मध्ये निवडणुकीचे तपशीलवार नियम आले, 2019 च्या पावसाळ्यात वेळापत्रकही जाहीर झालं. कॉलेजांत मतदार याद्या, उमेदवारीचे अर्ज अशी तयारी सुरू झाली. त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पुरात बुडाली, समोर विधानसभेची निवडणूक होती. मुलांची निवडणूक पुढं ढकलली. पुढच्या वर्षी कोरोना. कॉलेजंच बंद, तर मतदान कुठलं! कॉलेजं उघडली, तास सुरू झाले, परीक्षा रुळावर आल्या. विद्यार्थी संघटना निवडणुका घ्या म्हणून निवेदनं देत राहिल्या. मोठ्यांच्या मतदानासाठी थांबवलेली मुलांची निवडणूक सुरू करायची घाई मोठ्यांना नसते, एवढं या वयात मला कळलंय.

तेव्हा निवडणूक लागेल तेव्हा लागेल. तोवर हातावर हात ठेवून बसू नकोस, कारण प्रतिनिधीच्या खुर्च्या आणखीही आहेत आणि त्या बऱ्याचदा रिकाम्या किंवा नावापुरत्या भरलेल्या असतात. यूजीसीच्या 2015 च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा तीन विद्यार्थी सदस्य असतात. तेही पारदर्शक, लोकशाही पद्धतीनं निवडलेले. 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. रॅगिंगविरोधी समितीत नव्या आणि जुन्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. कॉलेजची गुणवत्ता बघणारी आयक्यूएसी असते, तिच्यातही विद्यार्थी असतो. उद्या कॉलेजला गेलीस की ऑफिसात सरळ विचार : या चार समित्यांवर विद्यार्थी कोण कोण आहेत, आणि शेवटची बैठक कधी झाली? विचारताना हसून विचार. उत्तर देणाऱ्याचा चेहरा मात्र नीट बघ.

सगळ्यांत मोलाची खुर्ची याहून वेगळी आहे आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. कायद्याच्या कलम 97 प्रमाणं प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती लागते. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि गावातली चार जाणती माणसं तिच्यात असतात. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही असतात. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. कॉलेजचं अंदाजपत्रक इथं येतं. नळ, पंखे, ग्रंथालयाची वेळ, मुलींची खोली यांचा पैसा या टेबलावर ठरतो. सिनेटमध्ये भाषण गाजतं, त्याचा फोटो पेपरात येतो. नळाला पाणी मात्र याच टेबलावरून येतं. त्या काळी मला ही गोष्ट कुणी सांगितली असती, तर समोसा निम्म्यात ठेवला असता.

आता तुझी एसटी. ती ना विद्यापीठाच्या हातात आहे ना कॉलेजच्या, तरीही प्रतिनिधी व्हायचं असेल तर तुझी पहिली परीक्षा तीच आहे. पदाची वाट बघू नकोस. निरगुडसर आणि वाटेवरच्या गावांतून येणाऱ्या मुला-मुलींची यादी कर. नाव, गाव, वर्ग, शेवटचा तास कधी सुटतो, सध्या गाडी किती वाजता आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासावर 66.67 टक्के सवलत असते आणि तो पास आगारच देतं. म्हणजे तुमच्या मार्गावर किती पास आहेत ते आगाराच्याच वहीत आहे. तुझ्या यादीतला आकडा आणि त्यांचा आकडा जुळला की ‘प्रवासी नाहीत’ हे उत्तर आपोआप बाद होतं. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावानं लिही. एकच मागणी लिही : अमुक गाडी अमुक वाजता सोडावी. त्यात रस्त्याचे खड्डे, स्टँडवरचं स्वच्छतागृह आणि वाहकाची बोलण्याची पद्धत घालू नकोस. चार मागण्यांच्या अर्जातली सगळ्यांत सोपी मागणी मान्य होते आणि फाइल बंद होते. बिबट्याबद्दल एक ओळ जरूर घाल, पण तारखेनिशी : अमुक दिवशी अमुक वस्तीजवळ दिसला. जुन्नर वनविभागात बिबट्या हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोड सुरू झाली की तो बाहेर पडतो, आणि थंडीत सहालाच अंधार होतो, हेही सगळ्यांना माहीत असतं. अर्जाला प्राचार्यांचं पत्र जोड, त्यावर कॉलेजचा जावक क्रमांक घे. आगारात मूळ प्रत दे आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस, कितीही वेळ लागला तरी. घरी आलीस की वडिलांना सांग, हाच विषय ग्रामसभेत घ्या आणि ठरावाची नक्कल द्या. गावच्या मतदार यादीत तुझं नाव असेल, तर ग्रामसभेत तूही बोलू शकतेस.

महिनाभरात गाडी बदलेलच असं मी म्हणत नाही. पण त्या यादीतल्या सगळ्यांना तुझं नाव माहीत झालेलं असेल. निवडणूक लागली की मतदार यादी तुझ्याकडं तयारच!

शेवटी एक जरा लांबची वाट. पदवी झाली की विद्यार्थ्यांची खुर्ची जाते, पण अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा असतात. त्यांतली एक महिलांसाठी आणि चार वेगवेगळ्या राखीव प्रवर्गांसाठी. आपल्या विद्यापीठात या जागांसाठी मतदान नोव्हेंबर 2022 मध्ये झालं आणि मुदत 5 वर्षांची असते. पदवी मिळाली म्हणून नाव आपोआप यादीत जात नाही, अर्ज भरून नोंदवावं लागतं. बहुतेक पदवीधर ते विसरतात. आजोबा पदवीधर असतील तर त्यांनाही विचार, नोंदणी केलीये का. गुलालाच्या गप्पा मारणाऱ्याला हा प्रश्न विचारायलाच हवा.

प्रश्न : मुलगी म्हणते, कॉलेजच्या निवडणुकीला उभी राहीन. आमचं म्हणणं, अभ्यास बुडेल, खर्च होईल आणि पक्षाची माणसं दारात येतील. अडवावं का?
— एक पालक, आंबेगाव तालुका

उत्तर : तुमची तिन्ही कारणं सर्वोच्च न्यायालयाच्याही डोक्यात होती. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनं 2006 मध्ये अहवाल दिला आणि न्यायालयानं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो देशभर लागू केला. त्यात उमेदवाराला 75 टक्के हजेरी लागते आणि त्या वर्षी एकही विषय राहिलेला चालत नाही. म्हणजे एटीकेटीवाल्याला उभंच राहता येत नाही. खर्चाची मर्यादा 5000 रुपये. छापील पोस्टर चालत नाही, हातानं लिहिलेलं चालतं. अर्जापासून निकालापर्यंत सगळा खेळ 10 दिवसांत आटपायचा. पदाधिकारी म्हणून आयुष्यात एकदाच उभं राहता येतं. आपल्या राज्याच्या नियमांतही पक्षाचं नाव आणि चिन्ह वापरायला मनाई आहे.

आता दारात येणाऱ्या माणसांचं. येतील ती. नियमात पक्ष नाही म्हणून गावात पक्ष नाही असं थोडंच आहे? चहा पाजा. पण तिच्या पोस्टरचा कागद आणि रंग तुम्ही स्वतः आणून द्या. दोनशे रुपयांत काम होतं, आणि पाहुण्यांनी ‘छपाईचं आम्ही बघतो’ म्हटलं की तुम्हाला ‘झालंय आमचं’ म्हणता येतं. अभ्यासाची काळजी मात्र खरी आहे. त्यावर उपाय एकच, तिला आधी विचारा की मागच्या सेमिस्टरचा निकाल काय लागला. राहिलेला विषय असेल तर अडवायची गरजच नाही. लिंगडोहसाहेबांनी अडवलेलंच आहे.

प्रश्न : माझा पुतण्या स्कॉटलंडमध्ये शिकतो. तो म्हणाला, ‘आम्ही विद्यार्थी रेक्टर निवडतो.’ आमच्याकडं रेक्टर म्हणजे हॉस्टेलवर रात्री दहाला दार लावणारे सर. त्यांना निवडून कोण देणार? हे गौडबंगाल काय आहे?
— एक वाचक, मंचर

उत्तर : पुतण्या थट्टा करत नाहीये. ग्लासगो, एडिंबरासारख्या तिथल्या जुन्या विद्यापीठांत रेक्टर हे मोठं पद आहे. विद्यापीठाचा कारभार पाहणारं जे मंडळ असतं, त्याला तिथं कोर्ट म्हणतात आणि त्याच्या बैठकीत अध्यक्षस्थानी बसण्याचा मान रेक्टरचा. मुदत 3 वर्षांची. ग्लासगोत मतदार फक्त विद्यार्थी. त्यांनी 2014 मध्ये एडवर्ड स्नोडेनला निवडून दिलं. अमेरिकेची गुपितं फोडून तो रशियात अडकलेला. एकाही बैठकीला तो येऊ शकणार नाही हे माहीत असून पोरांनी निवडलं. आपल्याकडं असं झालं असतं तर निदान तीन चौकशी समित्या बसल्या असत्या.

एडिंबराची गोष्ट मला जास्त आवडते. तिथं 1972 मध्ये गॉर्डन ब्राउन नावाचा विद्यार्थीच रेक्टर झाला. वय 21. ज्यांच्या हाताखाली शिकायचं, त्या प्राध्यापकांच्या आणि बड्या मंडळींच्या बैठकीत हा अध्यक्ष! पुढं 2007 मध्ये तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. पार मागं गेलं तर मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यात विद्यार्थ्यांचेच संघ होते. ते आपला रेक्टर निवडत, आणि तासाला उशिरा आलेल्या प्राध्यापकाला दंड ठोकत.

हे शेवटचं वाक्य हॉस्टेलवरच्या रेक्टरसाहेबांना वाचून दाखवू नका. आणि पुतण्याचा पुन्हा फोन आला की एवढंच विचारा : मागच्या वेळी तू स्वतः मत दिलंस का?